हिरूमावशीचे सागरगोटे

आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये माझी पाळी हा माझा खासगी विषय कधीच नव्हता. तो हिरूमावशीचा विषय होता. डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबायची आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मला तिथूनच खणखणीत आवाजात विचारायची, "आली का गो?"

एकदा गेटवरच्या वॉचमनने मला थांबवलं. बिचारा काळजीने म्हणाला, "भाभीजी, मौसी रोज पूछती है, आई क्या. कोई पार्सल हो तो बता दो, मैं ले के रखूँगा." मी मान खाली घालून पळाले.

यात चूक माझीच. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून मला पीसीओएस सांगितलं होतं. म्हणजे हार्मोनचा सगळा घोळ, आणि चार-चार महिने पाळीचा पत्ता नाही. लग्नाला तीन वर्षं झालेली. मला मूल हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. सांगलीहून सासूबाई दर रविवारी फोन करायच्या, आधी पाऊसपाणी विचारायच्या आणि मग म्हणायच्या, "बाकी काही विशेष?" एका रविवारी तो फोन ठेवते न ठेवते तोच दारात मावशी आली. अर्धा किलो सुकट मागता मागता मी रडायलाच लागले. एरवी मला रडायला कारण लागत नाही, त्या दिवशी ते होतं. मावशीने पाटी उतरवली, सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून माझा ताबा घेतला.

तिचा जन्म नवापूरच्या किनाऱ्यावर गेलेला. त्यामुळे महिना, तारीख असलं काही ती मानत नाही. तिचं सगळं भरती-ओहोटीवर चालतं. "आठ उधाणा गेली पोरी, अजून तुजा पत्ता नाय!" माझ्या मोबाईलमधलं ॲप म्हणत होतं, एकशे अठरा दिवस. पंधरवड्याला एक मोठी भरती, म्हणजे उधाण. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. भागाकार करून पाहिला तर दोघांचं तंतोतंत जुळत होतं. ॲप निदान ओरडत तरी नव्हतं.

मग सुरू झाली औषधं. शतावरीचं मूळ आलं, उमरोळीच्या पलीकडच्या रानातून कुणीतरी खणून दिलेलं. मेथ्या आल्या. अशोकाची साल आली. "गेटवरचा तो बांबूसारका उभा अशोक नाय हा! तो शोभेचा. ही खऱ्या अशोकाची." पण या सगळ्यांचा राजा म्हणजे सागरगोटा. समुद्राकाठच्या काटेरी जाळीतून काढलेला, भाजून, फोडून, मिऱ्याबरोबर कुटलेला. लहानपणी आम्ही मुली सागरगोटे झेलत बसायचो. ते खायचे असतात हे मला तिशीत कळलं. पहिल्या दिवशी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि पाऊण तास तोंड वाकडं करून घरभर फिरले. कारलं त्यापुढे श्रीखंड हो!

मावशीची शिस्त मात्र कडक. "डाक्टरनीची गोळी सोडायची नाय. सोडशील तर बोंबील बंद." आणि संध्याकाळी रिकामी पाटी माझ्या हातात देऊन, "चल, मला रिक्षापर्यंत सोड." आधी रिक्षा कोपऱ्यावर मिळायची. मग का कोण जाणे, दर आठवड्याला तिची रिक्षा लांब लांब जाऊ लागली. शेवटी मी तिला थेट पाम गावाच्या रस्त्याला लावून घामाघूम परत येऊ लागले. वजन तीन किलो उतरलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

इकडे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या गोळ्यांबरोबर मला न विचारता कसलाही काढा, चूर्ण घ्यायचं नाही." ते मावशीला सांगायची माझी छाती होईना. म्हणून मी काय करायचे, तर ती जिना उतरली की पुडी बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामी करायची. कढीपत्ता असा फोफावला म्हणता! मावशी जाताना त्याचीच चार पानं कालवणाला खुडून न्यायची, आणि मी चोरासारखी बघत उभी.

आणि एका सकाळी आली. खरंच आली! खालून नेहमीची हाक ऐकू आल्याबरोबर मी लाजलज्जा सोडून कठड्यावरून ओरडले, "आली गं, मावशी!" वॉचमन खुर्चीवरून उठून इकडेतिकडे पार्सल शोधायला लागला. मावशी धापा टाकत वर आली. माझ्या दोन्ही गालांवरून बोंबलाच्या वासाचे हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. "बघ, माज्या सागरगोट्यान काम केला का नाय!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला राहवेना. "मावशी, पहिल्या दिवशीची चिमूट सोडली तर मी एकही पुडी घेतली नाही. सगळ्या कुंडीत टाकल्या."

मला वाटलं, आता पाटी आपटणार. तर ती उंबऱ्यावर बसून पदराने तोंड दाबून हसायला लागली. "म्हायत हाय मला. दुसऱ्याच दिवशी मातीत भुकटी दिसली."

"मग रोज का आणत होतीस?"

तिने तोंडावरचा पदर काढला. "मला पन येत नव्हती गो. लगीन झाला तवापासून. सासू पाजायची, आई पाजायची, शेजारनी पाजायच्या. ही समदी झाडा मला कशी वळखतात? माज्या पोटातून गेली हायत. पाजायचे समदे. पन तुला कसा वाटते पोरी, असा कोन विचारायचा नाय."

"मग?"

"मग काय. पोर नाय झाला. धनी गेला त्याला आता लय वर्सा झाली, घरात मी नि मांजर. तुला रडताना बघला नि वाटला, हिला विचारायचा. रोज विचारायचा. पन रिकाम्या हातान कोनाच्या दारात कशी येऊ? म्हनून पुडी."

मला भरून आलं आणि स्वतःचा रागही आला. एवढे महिने मला विचारणाऱ्या या बाईला मी एकदाही उलट विचारलं नव्हतं, तू कशी आहेस?

मावशीने कनवटीची गाठ सोडली. आतून पाच सागरगोटे निघाले. करड्या रंगाचे, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले.

"सासूनं कुटायला दिलेले. लय कडू, म्हनून पाच लपवले, खाल्ले असा सांगितला. ती दुपारची झोपली का मी एकटीच खेळायची. पोरगी झाली तर तिला शिकवीन म्हनून ठेवलेले."

मी जिन्यातच तिच्यासमोर फतकल मारून बसले. खेळ लहानपणापासून येत होता, तरी म्हटलं, "मला शिकव."

मावशीने एक सागरगोटा वर उडवला आणि तो खाली यायच्या आत बाकीचे चारही मुठीत घेऊन त्याला अलगद झेललं. एकटीनेच खेळून खेळून हात बसला होता तिचा. मग पाचही माझ्या ओंजळीत ठेवले, माझी बोटं मिटली आणि म्हणाली, "आता तुजा डाव."