थूल साहेबांची जाहिरात

थूल साहेब बोलता बोलता ऐन रंगात आले की मध्येच हात वर करत. "आता जाहिरात! जाऊ नोका, लगेच येतो." मग एखाद्या साबणाची नाहीतर कुत्र्याच्या बिस्किटांची जाहिरात इंग्रजीत म्हणून दाखवत आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं बोलू लागत.

पिपरी मेघ्यात ते आमचे शेजारी. शेतकी खात्यात नोकरी, लग्न राहून गेलेलं. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास सरकारनं त्यांना मातीचं शास्त्र शिकायला अमेरिकेला धाडलं होतं. तिथून लोक कोट आणतात, घड्याळ आणतात. साहेब डोक्यात टीव्ही घेऊन आले. आमच्या गल्लीत तेव्हा कुणी टीव्ही पाहिलाच नव्हता, त्यामुळं त्यांना खोटं पाडणारंही कुणी नव्हतं.

मी शाळेत मास्तर, म्हणून मलाच ते जास्त सांगत. "तिथं टीव्हीच्या तीन मोठ्या कंपन्या, मास्तर. तिघींच्या बातम्या एकाच टायमाले! एकीचं आयकलं की दोघींचं सुटे. मी आपला उठू उठू बटन फिरवत राहो."

तिथल्या गावचं छोटं टीव्ही केंद्र म्हणे सकाळी डुकरांचे भाव सांगायचं. सेलूच्या बाजारात साहेब शेतकऱ्यांना विचारत, "डुकराचे भाव टीव्हीवर, आन् आपल्या कापसाचे काऊन नाई?"

"साहेब, टीव्ही म्हंजे काय?" शेतकरी विचारत.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर ते तिकडची एक मालिका सांगत. विधुर डॉक्टरची. माझी बायको सुमन आतून ओरडायची, "भाऊजी, जाहिरात जरा लांबवजा, पोळ्या राह्यल्या!"

एकदा मी थट्टेनं विचारलं, "एवढा टीव्ही पाहिला, मग शिकले कवा?"

साहेब म्हणाले, "मास्तर, भाड्याच्या खोलीत माह्याशी बोलाले कोन होतं? त्या डब्यातला माणूस रोज म्हणे, जाऊ नका, मी येतोच. आन् ये बी."

पुढं आमच्या भागातही टीव्ही दिसू लागला. गल्लीतला पहिला संच अर्थातच साहेबांचा. एकच सरकारी चॅनल, पण थाट तिन्ही कंपन्यांचा. सतरंजी अंथरायची, पाण्याचा माठ भरायचा, मग स्वतः छतावर चढून अँटेना फिरवायचा. "आलं का?" ते वरून विचारत. "नाई!" आम्ही सगळे खालून. रविवारच्या पिक्चरला तर दारात चपला मावत नसत.

मग एकेका घरावर अँटेना उगवला. आम्हीही हप्त्यानं संच घेतला. साहेबांच्या सतरंजीवर माणसं विरळ होत गेली, आणि एका रविवारी कुणीच गेलं नाही. आम्हीही नाही.

पुढच्या रविवारी साहेब आमच्या दारात उभे. "मास्तर, आमचा डबा बिघडला. इथं बसू का?"

त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. मेकॅनिक कधी आजारी असे, कधी सासरी.

एका रविवारी दुपारी सुमन त्यांना अंबाडीची भाजी द्यायला गेली. परत आली. मग हळूच म्हणाली, "त्यायचा टीव्ही चालू हाय. चित्र आपल्यापेक्षा साफ. एकटेच बसले होते समोर, म्हणून मी भाजी ओट्यावरच ठेवून आली."

त्या संध्याकाळी साहेब आले. बसता बसता म्हणाले, "मेकॅनिक सिंदीले गेला म्हणते. आता पुढच्या हप्त्यात..."

"मेकॅनिकची काई घाई नाई, भाऊजी," सुमन म्हणाली आणि त्यांच्यासाठी ताट वाढायला आत गेली.