सर्जनबाईंशी हस्तांदोलन

मी हात बनवते. हो, हात! मनगटापासून हात गमावलेल्या माणसांसाठी मी एक यांत्रिक हात तयार केलाय, आणि त्याच्या तोडीचा हात आमच्या अख्ख्या विद्यापीठात दुसरा नाही. कोपराखालच्या स्नायूवर एक पट्टी बांधायची. स्नायू आवळला की यंत्राची मूठ मिटते, सैल सोडला की उघडते. इतकं सोपं! हे इतकं सोपं करायला मला चार वर्षं लागली. तेवढ्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तिला जुळं झालं, ते जुळं चालायलाही लागलं, आणि आई अजून शेजारणींना सांगत होती, "थोरली ना? तिचा हात व्हायचाय अजून."

अखेर तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. पास झाले की डॉक्टरेट! बाहेरून परीक्षक म्हणून येणार होत्या हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक नामांकित सर्जनबाई. त्यांच्यापुढं भलेभले चळाचळा कापतात असं ऐकून होते.

"तू फक्त टोमॅटो उचलून दाखव," माझे गाईड, म्हणजे आमचे सर, म्हणाले. सर इतके सावध की एक मजला वर जायचं असलं तरी लिफ्टमध्ये शिरण्याआधी घरी फोन करून सांगतात.

"टोमॅटो काय सर, कुणीही उचलतं! मी बाईंशी हस्तांदोलन करणार!"

"अगं, पण..."

"पाचशे वेळा टोमॅटो उचललाय. एकदा तरी चिरडला का?"

"नाही."

"मग बाई काय टोमॅटोपेक्षा नाजूक आहेत?"

खरं तर तिथंच सरांनी मला खुर्चीला बांधून ठेवायला हवं होतं.

बाई आल्या. यंत्राचा हात टेबलावर स्टँडला पक्का बसवलेला, पट्टी माझ्या उजव्या हाताला. बाईंनी हात पुढं केला. मी स्नायू हळूच आवळला आणि यंत्राची बोटं त्यांच्या हाताभोवती अलगद मिटली.

"वा! छान पकड आहे," बाई म्हणाल्या. "सोड आता."

मी सोडलाच होता हो! पण तेवढ्यात बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पोटात गोळा आला की माणूस काय करतो? अंग आवळून घेतो! मूठ आणखी घट्ट झाली.

"सोड म्हटलं ना!" बाई ओरडल्या. त्या ओरडल्या म्हणून मी दचकले, मी दचकले म्हणून मूठ आवळली, मूठ आवळली म्हणून त्या आणखी ओरडल्या. हाड मोडेल इतका जोर त्या यंत्रात नव्हता, पण सुटका म्हणून होत नव्हती.

"शांत हो! अजिबात घाबरू नकोस!" सर माझ्या कानाशी असे किंचाळले की मूठ अजून थोडी घट्ट झाली.

"बंद करायचं बटण कुठंय?" बाईंनी दातओठ खात विचारलं.

"तळहातावर. चुकून कुणाचा धक्का लागू नये म्हणून."

"कुणाच्या तळहातावर?"

"यंत्राच्या. म्हणजे... आत्ता तुमच्या हाताखाली."

"मग ती पट्टी काढ!"

"पट्टी काढली तर मूठ आहे तशीच अडकून राहते. बॅटरी काढली तरी तेच. रुग्णाच्या हातातला कप पडू नये ना, म्हणून..."

"ही अक्कल कुणाची?"

"माझीच," मी म्हणाले. "प्रबंधात चौथं प्रकरण आहे त्यावर."

सर धावत जाऊन वर्कशॉपच्या काकांना घेऊन आले. काका आले ते करवत घेऊनच! त्यांनी शांतपणे चष्मा लावला, टेबलावरचे एकमेकांत गुंतलेले दोन हात न्याहाळले आणि विचारलं, "यातला कापायचा कुठला?"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. माझी चार वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली आणि मूठ करकचली. काकांना करवतीसकट बाहेर काढण्यात आलं.

शेवटी बाईंनीच डोकं चालवलं. "परीक्षा सुरू करू. बोलता बोलता ही सैल पडेल. सांग, स्नायूच्या सिग्नलमधला गोंगाट कसा गाळलास?"

मी उत्तर आठवायला लागले आणि मूठ आणखी आवळली.

"आई गं! राहू दे, राहू दे! सोपं विचारते. माणसाच्या हाताला बोटं किती?"

"पाच."

मूठ किंचित सैलावली! बाईंचा चेहरा खुलला.

"अंगठा धरून की सोडून?" सरांनी बारकाईनं विचारलं. मी विचारात पडले. मूठ पुन्हा घट्ट!

"तुम्ही गप्प बसा हो!" बाई कडाडल्या आणि लगेच माझ्याकडं वळून गोड झाल्या. "जेवलीस का बाळा?"

"हो."

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

अशी सव्वा तास डॉक्टरेटची परीक्षा चालली. माझ्या घरची सगळी विचारपूस झाली, बहिणीच्या जुळ्यांची झाली, आणि बाईंची करंगळी मोकळी झाली. आता थोडंच उरलं होतं.

"शाब्बास! तू पास आहेस, पोरी," बाई कळवळून म्हणाल्या. "पास!"

पास! मी डॉक्टर! चार वर्षांचा आनंद असा उसळला की मी मूठ वळून हवेत उंचावली!

उजवीच.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "नापास!" त्या गरजल्या. "साफ नापास!"

काय सांगू! माझं सगळं अवसानच गळालं. खांदे पडले, मान पडली, हात लुळा पडला. आणि यंत्राची मूठ अलगद, सुरेख, अगदी प्रबंधात लिहिल्याप्रमाणे उघडली.

बाईंनी हात चोळला. एकेक बोट हलवून पाहिलं.

"बाई," सर हळूच म्हणाले, "ते नापास... तेवढ्यापुरतंच म्हणालात ना?"

बाईंनी डाव्या हातानं अहवाल लिहिला, टेबलावर ठेवला आणि लांबून वळसा घालून दारातून निघून गेल्या. सर तो वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला:

'यंत्र उत्तम आहे. वापरणाऱ्याच्या मनातलं अचूक ओळखतं. त्यास मंजुरी द्यावी. विद्यार्थिनीत मात्र मोठ्या दुरुस्तीची गरज असून, सहा महिन्यांनी तिला पुन्हा तपासणीसाठी आणावं.'