कोकीळबुवा आणि पळसाचा पडदा

एका जंगलात, बाळांनो, फार म्हणजे फारच रसिक प्राणी राहायचे. ते जंगल कुठलं, हे विचारत बसू नका. तिथे एक ससा होता आणि तो ससा मी. माझे कान तर तुम्ही बघताच आहात. एवढे लांब कान असल्यावर याला गाणं कळणारच, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मला रसिक मंडळाचा चिटणीस केलं. मीही उगाच आढेवेढे घेतले नाहीत.

आमच्याकडे कोकीळबुवा गायचे. काय गळा, काय गळा. सकाळी जांभळाच्या झाडावर बुवांनी सूर लावला की हरणं चरायची थांबायची. माझ्या तर डोळ्यांत पाणी यायचं. ते चार जणांना दिसावं, अशा बेताने मी बसत असे.

एक दिवस सगुणाबाई मंडळात आली. ही कावळीण. रंगाने बुवांसारखीच काळी, पण आवाज असा की आम्ही तिला कधी बैठकीला पुढे बसू दिलं नव्हतं.

"बुवा गात होते तेव्हा त्यांची बायको माझ्या घरट्यात शिरली," ती म्हणाली. "माझी अंडी तिने खाली ढकलली आणि आपलं ठेवून गेली."

आमचे अध्यक्ष सांबरराव. शिंगं मोठी म्हणून अध्यक्ष, दुसरं काही नाही. त्यांनी मान हलवली.

"पण बाई, बुवा स्वतः तर आमच्यासमोर गात होते. अख्खं जंगल साक्षीला आहे."

"ते गात होते म्हणून तर मी घरट्यात नव्हते. मीही ऐकायलाच आले होते, लांबून. त्या दोघांचं तसं ठरलेलंच असतं, काका. तो सगळ्यांना धरून ठेवतो आणि ती काम उरकते."

मग ती पुढे म्हणाली, "त्या घरट्याकडे मला बघवेना. दुसरं बांधलंय, आंब्यावर. पुन्हा अंडी घातली आहेत. पिल्लं बाहेर येईपर्यंत बुवांची बैठक ठेवू नका. एवढंच मागते."

मागणं काही मोठं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण वसंतोत्सव तोंडावर आला होता. आमंत्रणं गेली होती. मुख्य म्हणजे माझं प्रास्ताविक तोंडपाठ झालं होतं. आता सांगा, पाठ केलेल्या प्रास्ताविकाचं काय करायचं?

मी उठलो. कान ताठ केले आणि म्हणालो, "झालं ते फार वाईट झालं. माझं काळीज तुटतं. पण कलावंत वेगळा आणि कला वेगळी."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. सांबररावांनी तर मला जवळ बोलावून पाठ थोपटली.

"वेगळी करायची कशी पण?" सगुणाबाईने विचारलं.

हा प्रश्न मला अगदीच अडाणी वाटला. तरी मी उत्तर शोधलं, कारण मी चिटणीस होतो. पळसाच्या पानांचा एक मोठा पडदा विणायचा. बुवांनी त्याच्या आड बसून गायचं. बुवा कोणाला दिसणार नाहीत, म्हणजे बुवांचा मान केल्यासारखं होणार नाही. आपण फक्त गाणं ऐकणार. शाल-श्रीफळसुद्धा बुवांना द्यायचं नाही, गाण्याला द्यायचं. शाल पडद्यावर घालायची. ती नंतर कोणी उचलली, ते मंडळाने बघायचं कारण नाही.

"आणि सगुणाबाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं," मी म्हणालो. "म्हणजे मंडळ तुमच्या बाजूने आहे, हे जंगलाला दिसेल."

"घरट्यात कोण बसेल?"

"अहो, बुवा पडद्याआड, आमच्या नाकासमोर. ते जाणार कुठे?"

बुवांच्या बायकोचा विषय त्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता, त्यामुळे तो निघाला नाही.

सगुणाबाई नाही नाही म्हणत होती. मग कोणीतरी कुजबुजलं, की हिला गाण्याचाच राग आहे, स्वतःचा गळा तसला ना. दुसऱ्याने ते मोठ्याने म्हटलं. मी कोणालाच अडवलं नाही. उत्सवाच्या सकाळी ती येऊन पहिल्या रांगेत बसली. एकसारखी आंब्याकडे बघत होती बिचारी.

माझं प्रास्ताविक छान झालं. जरा लांबलं, पण छान झालं.

मग पडद्याआडून सूर आला आणि बाळांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, असं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. बुवांनी एकच तान घेतली. परत तीच, जरा वरच्या सुरात. परत तीच, आणखी वर. समेवर यायला तयारच नाहीत. सगुणाबाईचीसुद्धा मान आंब्याकडून वळली, डोळे मिटले.

"बघितलंत?" मी सांबररावांच्या कानात म्हटलं. "श्रोत्यांना असं अधांतरी ठेवायला केवढी तयारी लागते."

आणि एकाएकी बुवा थांबले. तान अर्धीच सोडली.

मी भान विसरून "वा" म्हणालो. सगुणाबाईने मात्र डोळे उघडले आणि ती भर्रकन आंब्याकडे उडाली. कार्यक्रम संपायच्या आधी असं उठणं मला आवडलं नाही.

आंब्याखाली आम्ही पोचलो तेव्हा फुटलेली टरफलं गवतात पडली होती आणि मुंग्या लागल्या होत्या. वर घरट्यात एक अंडं आहे, असं सगुणाबाईने वरून सांगितलं. ते तिचं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून खालूनही कळत होतं. सांबररावांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. मी एक शोकठराव तिथल्या तिथे रचला. भाषा चांगली जमली होती.

ठराव ऐकून झाल्यावर सगुणाबाई खालच्या फांदीवर आली.

"चिटणीससाहेब, शेवटची ती तान तुम्हाला आवडली?"

मी इकडेतिकडे बघितलं. खरं बोलायची मला सवय नाही, पण गाण्याच्या बाबतीत माझ्याने खोटं बोलवत नाही.

"फार," मी म्हणालो.

"मलाही," ती म्हणाली. "म्हणून तर मी उठले नाही."

मग ती वर गेली आणि त्या अंड्यावर बसली. थंड पडू द्यायला मन होईना तिचं. मंडळाला फार भरून आलं. पुढच्या पिढीचा गायक सगुणाबाईंच्या पंखाखाली घडतो आहे, म्हणून आम्ही तिचा सत्कार ठरवला आहे. ती येत नाही म्हणते. प्रास्ताविक मीच करणार आहे.

तात्पर्य: कलावंताला त्याच्या कलेपासून वेगळं करणं मुळीच अवघड नाही. फक्त अंडी दुसऱ्याची असावी लागतात. (ससे अंडी घालत नाहीत.)