खिरोळीचं प्रतिनिधी तोंड

खिरोळी गावात दातांची तपासणी एकाच तोंडाची होते आणि ते तोंड कांचन बोडखेचं आहे. विम्याच्या चार हजार तीनशे सात सभासदांचे दात कसे आहेत, हे कांचनच्या दातांवरून ठरतं. मुखशांती विमा कंपनीच्या पत्रकात पहिल्याच कलमात तसं छापलेलं आहे : ‘शितावरून भाताची परीक्षा’. इतकं स्वच्छ मराठी विम्याच्या कागदावर सहसा नसतं, म्हणून गावाने ते वाचलं, आणि वाचल्यावर पुढचं वाचलं नाही.

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर निवड झाली होती. इच्छुकांना उसाचं एकेक कांडं दिलं आणि दाताने सोलायला सांगितलं. कांचन तेव्हा नुकतीच ज्युनिअर कॉलेजात तासांवर रसायनशास्त्र शिकवायला लागली होती. तिने सगळ्यांच्या आधी कांडं सोललं आणि चघळून चोथाही केला. बत्तीसच्या बत्तीस दात मोजले गेले, टाळ्या पडल्या, करारावर सही झाली. करारात दोनच अटी होत्या. मुदतीत हे तोंड दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरपुढे उघडायचं नाही, आणि गोड खायचं नाही.

पहिल्या अटीकडे गावाचं लक्ष नव्हतं. दुसरी मात्र गावाने डोळ्यांत तेल घालून पाळली. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला की कांचनच्या पानाला वळसा घालून पुढे जायचा. संक्रांतीला बायका तिच्यासमोर वाटी धरायच्या आणि म्हणायच्या, “तिळगूळ बघा, गोड गोड बोला.” ती बघायची. गोड बोलणं मात्र तिला दर वर्षी थोडं जड जात होतं.

आणि तरी यंदा दिवाळी सरता सरता तिची खालची डावी, मागून दुसरी दाढ ठणकायला लागली. दिवाळीत तिने लाडवांचा फक्त वास घेतला होता.

आईने लवंग दिली. लवंग संपली. कांचनने वाण्याकडून पावशेर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख समितीचे अध्यक्ष भगवानराव हिंगे दारात उभे.

“मॅडम, लवंगा कशाला लागल्या?”

“मसालेभाताला.”

“पावशेर?”

“भात जास्त आहे.”

भगवानराव खुर्चीवर टेकले. त्यांनी तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि लगेच नजर कॅलेंडरकडे नेली.

“दुखतंय का, असं मी विचारलेलं नाही,” ते म्हणाले. “हे आधी लक्षात घ्या. मला कळलं तर कंपनीला कळवावं लागतं. म्हणून मला कळलेलं नाही.”

“मी सांगते ना. दुखतंय.”

“मसालेभात तिखट झाला असेल.” त्यांनी आवाज उतरवला. “हे बघा, चौदा तारखेला तपासणी. करंदे डॉक्टर येतील, तुम्ही ‘आ’ करायचं, ते सही करतील. तीन वर्षं झालंय तेच. तुमच्या एका दाढेपायी चार हजार माणसांच्या तोंडात कीड घालणार का तुम्ही?”

“त्यांच्या तोंडात काय आहे ते कुणी बघितलंय?”

“बघायचं असतं तर विमा कशाला काढला असता?” भगवानरावांना प्रश्नच कळला नव्हता. ते उठले. जाताना उंबऱ्यात थबकून म्हणाले, “चहा बिनसाखरेचाच घेता ना?”

नूतनीकरणाची सभा मंगल कार्यालयात भरली. कंपनीचे अधिकारी नेवरेकर दोन योजना घेऊन आले होते. साध्या योजनेत कांचनची तपासणी वर्षातून एकदा होणार होती. सुवर्ण योजनेत ती दोनदा होणार होती. गाव दीड तास दोन्हींची तुलना करत बसलं. एकदा तपासलेले दात बरे की दोनदा तपासलेले, यावर सुज्ञ माणसं तावातावाने बोलली. कुणी म्हणालं, दोनदा बघितल्यावर दात अधिक खात्रीचे होतात. गाडगे गुरुजींनी पाठिंबा दिला. “मला साध्या योजनेत काही त्रास नाही,” ते म्हणाले, “माझे दात उत्तम आहेत. तीन वर्षांचे दाखले आहेत माझ्याकडे.” गुरुजींच्या तोंडात एकूण पाच दात होते. दाखले तीन होते. गुरुजींचा विश्वास दाखल्यांवर होता.

मग कापडवाल्या विमलकाकू गुंजाळ उभ्या राहिल्या.

“मला एक सांगा साहेब. तपासणी हिची. डॉक्टर हिला बघणार. उद्या हिला काही निघालं आणि कंपनीने फुकटात करून दिलं, तर आम्ही काय टाळ्या वाजवायच्या? हप्ता आम्हीही भरतो.”

सभेत एकच गलका झाला. गेली तीन वर्षं आपल्या दातांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, याचं कुणाला वाईट वाटलं नव्हतं. पण कांचनला काहीतरी जास्त मिळेल, ही शंका सगळ्यांना एकाच वेळी झोंबली.

नेवरेकरांनी हात वर केला. “सुवर्ण योजनेत समान लाभाचं कलम आहे. तपासणीत जो उपचार ठरेल, तो सर्व सभासदांना सारखाच. कमी नाही, जास्त नाही.”

“मग सुवर्णच!” विमलकाकू म्हणाल्या आणि ऐटीत बसल्या.

कांचन उठली. ठणका कानापर्यंत चढला होता. पण ती बोलायला उठली होती, आणि विद्यार्थ्यांना समजावते तसं सावकाश बोलली.

“माझी एक सूचना आहे. डॉक्टर गावात येतातच. आरसा असतो, दिवा असतो. प्रत्येकाने आपलं स्वतःचं तोंड उघडावं. ज्याचा दात दुखतो, त्याचा दात बघावा. एवढंच.”

जेवणावळीत कुणी अपशकुनी बोलावं तसे लोक तिच्याकडे बघू लागले. भगवानरावांनी कपाळाला हात लावला. नेवरेकर मात्र प्रेमाने हसले. असल्या सूचना त्यांना गावोगावी कुणीतरी तरुण माणूस करत असे.

“मॅडम, कल्पना सुंदर आहे. पण परिणाम बघा. प्रत्येकाचं तोंड उघडलं तर प्रत्येकात काहीतरी सापडणार. सापडलं की तो आजार जुना ठरणार. जुन्या आजाराला संरक्षण नाही. म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला तपासलं, त्या क्षणी तुम्ही विम्याच्या बाहेर. तुम्हाला या चार हजार लोकांना उघड्यावर आणायचं आहे का?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सूचनेच्या बाजूने एकच हात वर झाला. तो आईचा होता, आणि आई सभासद नसल्यामुळे तो धरला गेला नाही.

“तू तोंड मिटून बस आता चौदा तारखेपर्यंत,” घरी जाताना आई म्हणाली.

“चौदाला उघडायचंच आहे ना,” कांचन म्हणाली.

चौदाला त्याच कार्यालयात, नवरा-नवरीच्या व्यासपीठावर, तपासणीची खुर्ची मांडली होती. पुढे गाव बसलं होतं. डॉ. करंदे येताना अहवाल भरूनच आणत. यंदाही ‘सर्व दात निर्दोष’ असं टाइप केलेलं होतं. फक्त तारीख घालायची बाकी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, “करा ‘आ’.”

कांचनने ‘आ’ केला नाही. “डॉक्टर, खाली डावीकडे, मागून दुसरी,” ती मोठ्याने म्हणाली. “दिवाळीपासून दुखतेय. आज बघितल्याशिवाय मी खुर्चीतून उठणार नाही.”

“खोकला आलाय त्यांना!” भगवानराव ओरडले. पण वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं होतं.

डॉक्टरांनी आरसा घेतला. त्याच्यावरचं प्लास्टिकचं वेष्टन तीन वर्षांत प्रथमच निघालं. ते वाकले, बराच वेळ वाकून राहिले, आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दात पाहिलेल्या माणसाचा संकोच होता.

“कीड आहे,” ते म्हणाले. “खोल आहे. वेळेवर बघितली असती तर...” पुढचं वाक्य त्यांनी स्वतःच गिळलं.

गावात हाहाकार उडाला. “घात केला!” “खायला मिळालं असेल चोरून!” “मास्तरीण बाई, आमच्या पोराबाळांचा तरी विचार करायचा!” विमलकाकूंनी पदराचा बोळा तोंडाला लावला, जणू कीड आताच त्यांच्या दाढेत शिरली होती. कांचन खुर्चीत ताठ बसून होती. तिला वाटत होतं, आता झालं. बोलून झालं. आता दाढ निघेल.

नेवरेकर शांतपणे कागद चाळत होते. त्यांनी घसा साफ केला.

“घाबरू नका. योजना सुवर्ण आहे. दात भरणं हे सौंदर्योपचारात धरलं जातं, ते बसत नाही. दात काढणं बसतं. त्यामुळे खालची डावी, मागून दुसरी दाढ, चार हजार तीनशे सात सभासदांची, विनामूल्य काढण्यात येईल.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून कुणीतरी विचारलं, “सगळ्यांची? फुकट?”

“समान लाभ,” नेवरेकर म्हणाले.

आणि गावाचा चेहरा उजळला. तीन वर्षं हप्ते भरून हातात काही पडलं नव्हतं. भगवानरावांनी कांचनच्या पाठीवर थाप मारली. “मॅडम, आधी सांगायचं नाही का!” विमलकाकू पदर सोडून म्हणाल्या, “बघा, मी उठले म्हणून कलम निघालं.”

शिबिर तीन आठवडे चाललं. कार्यालयापासून बाजारापर्यंत रांग होती. लोक धडधाकट दाढा घेऊन येत आणि गालात कापूस घालून विजयी मुद्रेने बाहेर पडत. ओळखीचे रस्त्यात भेटले की आधी बोटाने कापूस दाखवत. “वसूल!” असं म्हणायचा त्यांचा प्रयत्न असे, पण कापसामुळे नुसतं हुंकारल्यासारखं ऐकू येई. गाडगे गुरुजींना ती दाढ मुळातच नव्हती. त्यांनी अन्यायाविरुद्ध लेखी अर्ज दिला. अर्ज मंजूर होऊन त्यांच्या पाचातली एक बदली म्हणून काढण्यात आली. गुरुजींनी समाधानाने चौथा दाखला लावून ठेवला.

सगळ्यात शेवटी कांचन खुर्चीत बसली आणि तिने आपण होऊन तोंड उघडलं.

“तुमचं नाव यादीत नाही,” नेवरेकर म्हणाले.

“दाढ माझीच किडली आहे.”

“बरोबर. पण तुम्ही सभासद नाही. प्रतिनिधी तोंड हे तपासणीचं साधन आहे. आरसा आहे, दिवा आहे, तसे तुम्ही. साधनाचा विमा नसतो.”

“मग मी राजीनामा देते. आजच. तालुक्याला जाऊन काढून घेते.”

“जरूर द्या. जागेवर दुसरं पूर्ण तोंड तेवढं द्यावं लागेल.”

भगवानरावांनी मान हलवली. “आता कुठून आणायचं, मॅडम? अख्ख्या गावात बत्तीस उरलेत कुणाला? तुमच्याशिवाय?” त्यांच्या स्वरात खरा अभिमान होता. त्यांच्या डाव्या गालात कापूस होता.

पुढच्या वर्षी, सुवर्ण योजनेतल्या दुसऱ्या तपासणीला, चौदा तारखेला पुन्हा खुर्ची मांडली. डॉ. करंदेंनी या वेळी आरशाचं वेष्टन आधीच काढून आणलं होतं, कारण मागच्या अहवालाचं कंपनीने कौतुक केलं होतं. ते दातांवर एकेक टिचकी मारत, नोंदवहीशी ताडून पाहत पुढे सरकले. खाली डावीकडे, मागून तिसऱ्या दाढेवर त्यांनी टिचकी मारली. मग एक जागा सोडली आणि शेवटच्या दाढेवर मारली.

“मधली राहिली,” कांचन म्हणाली. “तीच दुखतेय.”

डॉक्टरांनी नोंदवही तिच्यापुढे धरली. तिथे शाईने स्पष्ट लिहिलं होतं : ‘काढली’. पुढे गेल्या वर्षीची तारीख आणि शिक्का होता.

“गावाची काढून झालीय,” ते म्हणाले. “इथे दात नाही.”

कांचनने जिभेने चाचपलं. जीभ अडली. तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर तारीख घालत होते. पुढच्या रांगेत गाव बसलं होतं. सगळे सारख्याच जागी सारखेच पोकळ होते आणि सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

ती घरी आली. आईने डब्यातून लवंग काढली.

“कुठल्या दाढेला लावायची?”

“नसलेल्या,” कांचन म्हणाली आणि तिने ‘आ’ केला.