शेवटचं पान मामांच्या डब्यात

किसनमामा पोरांना गोष्टीची पुस्तकं फुकट वाचायला देतात, पण देण्याआधी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान फाडून घेतात. आमच्या रेणापूर तालुक्यात पुस्तकं न वाचणारे पुष्कळ आहेत. वाचायला देऊन फाडणारा हा एकच.

मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओरडलेच, "अहो मामा, पुस्तक फाडताय!"

"फाडून न्हाई राहिलो बाई, नमुना काढून राहिलो," मामा शांतपणे म्हणाले.

मामांचा सगळा जन्म लातूरच्या आडत बाजारात धान्य तोलण्यात गेला. तिथे आधी मूठभर नमुना दाखवायचा आणि मग पोत्याचा सौदा करायचा. ते मामांच्या अंगात इतकं मुरलंय की लग्नाला गेले तरी आचाऱ्याकडची बुंदी चाखल्याशिवाय ते अक्षता टाकत नाहीत. "नमुना आधी, सौदा मागून!" हे त्यांचं पालुपद.

शाळेतली बरीचशी पोरं वीटभट्टीवरच्या आणि मजुरांच्या घरची. त्यांच्या घरात छापील कागद म्हणजे साबणाचं वेष्टण. मामांनी लातूरच्या रद्दीवाल्याकडून गोष्टीची पुस्तकं आणून शाळेला दिली आणि शेवटची पानं घरी पोह्यांच्या डब्यात ठेवली. शेवट हवा असेल तर पोराने मामांच्या ओट्यावर यायचं, तिथवरची गोष्ट सांगायची, म्हणजे नमुना दाखवायचा. मग पान मिळणार, तेही तिथेच मोठ्याने वाचायचं.

सांगणं सोपं नसे. ससा-सिंहाची गोष्ट असली की मामा मधेच सिंहाशी भांडत. "रोज एक जनावर घरपोच? सिंह हाय का जावई?" पोरं हसून लोळत आणि पुढचं सांगत. एकदा डब्यात पानांची सरमिसळ झाली आणि सशाच्या गोष्टीला राजकन्येच्या लग्नाचा शेवट लागला. मी चूक दाखवली तर मामा म्हणाले, "लगीन लागलं, जेवणं झाली. सशाला अजून काय पायजे?" तिसरीतल्या दुर्गीला तर तो शेवट इतका आवडला की ती अजून तोच सांगते.

काही का असेना, पोरं वाचत होती. अक्षराला अक्षर लावत, अडखळत, पण शेवटासाठी वाचत होती.

मग केंद्रप्रमुख शाळा बघायला येणार असा निरोप आला. एकाही पुस्तकाला शेवट नाही हे त्यांना काय सांगू? मी गोंदाची बाटली घेऊन मामांच्या घरी गेले आणि डबा मागितला.

मामांनी डबा पोटाशी धरला. नेहमीचं पालुपद तोंडातून निघेना.

"बाई, पानं चिकटवली तं पोरं कामून येतील माझ्याकडं?" ते म्हणाले. "ही गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच हायेत. पोराचा हैदराबादहून फोन येतो, 'जेवलात का' म्हणतो अन् ठेवतो."

मला फार वाईट वाटलं. तरी मी डब्यातली पानं नेऊन पुस्तकांना चिकटवली. नोकरी होती.

केंद्रप्रमुख आले. पुस्तक चाळून त्यांनी दुर्गीला विचारलं, "या गोष्टीचा शेवट काय?" दुर्गी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आधी तुम्ही सुरुवात सांगा. नमुना दाखवल्याबिगर शेवट भेटत न्हाई." मी डोळे मिटून घेतले. साहेब भले होते. खुर्चीत सावरून बसले आणि सशाची गोष्ट सांगू लागले.

साहेब खूश होऊन गेले, पण मामांचा ओटा सुना पडला. पोरं पुस्तकं घरीच संपवू लागली. मामा संध्याकाळी ओटा झाडून बसत आणि रस्त्याकडे बघत. शाळेतून जाता-येता मला ते दिसे आणि माझा पाय घुटमळे.

एका संध्याकाळी तिकडून हसण्याचा आवाज आला. बघते तर ओटा भरलेला. पोरं शाळेची पुस्तकं घेऊन आलेली आणि दुर्गीच्या मुठीत शेवटच्या पानांची चळत. मी मेहनतीने चिकटवलेली सगळी पानं पोरांनी सोडवून आणली होती.

"हे डब्यात ठेवा मामा," ती म्हणाली. "घरी वाचलं तं सिंहाशी कुणी भांडतच न्हाई."

"पुस्तकं फाडता व्हय गं!" मामा गरजले. हे म्हणणारा माणूस कोण, बघा! पण धोतराच्या सोग्याने डोळे पुसत त्यांनी घरातून पोह्यांचा डबा आणला आणि एकेक पान जपून आत ठेवलं.

माझ्या पिशवीत गोंदाची बाटली होती. मी ती तशीच आत ढकलली आणि पोरांच्या मागे ओट्याच्या कडेला बसले.

मामांनी झाकण घट्ट लावलं, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "हं दुर्गाबाई, दाखवा नमुना."