इन्साफबाईंची काचेची नाव

काचेची नाव हातची गेली ती निव्वळ बोलण्याच्या भरात.

इजिप्तमधल्या दमनहूरच्या त्या घरात इन्साफबाईंनी लग्नात आणलेलं काचेचं कपाट होतं आणि त्यात सगळं जग मांडलेलं होतं. पॅरिसचा मनोरा, हॉलंडची पवनचक्की, स्वित्झर्लंडच्या गाईची घंटा. मिलानला गेलेला मुलगा हाझिम अकरा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती एकेक वस्तू पाठवत होता. स्वतः येणं त्याला जड जात असावं. फक्त व्हेनिसची ती नाव त्याने सहा वर्षांपूर्वी स्वतः आणून आईच्या हातात ठेवली होती, म्हणून ती मधोमध.

नवी शेजारीण रावया कपाटापुढे थबकली. "माशाल्लाह, काय सुरेख आहे हो!"

"तुमचीच समजा. न्या घरी."

"छे छे, इथेच शोभते."

इथवर सगळं रीतीला धरून होतं. दोनदा 'न्या' म्हणायचं आणि दोनदा 'नको' ऐकायचं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. तिसऱ्यांदा, तेही अल्लाची शपथ घालून म्हटलं, तर मात्र ते खरं. मुलाचं कौतुक सांगता सांगता बाईंचा हिशेब चुकला आणि त्या शपथ घालून बसल्या. रावयाने शपथेचा मान राखला.

पंधरा दिवसांनी फोन आला. "आई, गुरुवारी येतोय. चार दिवस."

बाई आनंदाने रडल्या, मग कपाटाकडे बघून परत रडल्या. पोराने हाताने दिलेली एकच वस्तू, तीही आईने वाटून टाकली? काय वाटेल त्याला?

दिलेलं परत मागणं म्हणजे स्वतःचं नाक कापून घेणं. तेव्हा बाई बसबूसाची, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांची, थाळी घेऊन सहज म्हणून रावयाकडे गेल्या.

"ती नाव? अहो, शिवणवाल्या फिक्रियाला इतकी आवडली! मीही घातली शपथ, तुमच्यासारखीच."

फिक्रियाकडे विषय कसा काढावा म्हणून बाईंनी तिथल्या पितळी किटलीची तारीफ केली.

"अल्लाशपथ, आता ही तुमच्याच घरी जाणार!"

"अगं नको, मी आपलं सहज..."

"शपथ मोडायला लावता?"

पाच किलोची किटली काखोटीला मारून बाईंनी उंबऱ्यावर विचारलं, "आणि ती काचेची नाव गं?"

"ती ना, तुमच्या नणंदबाईंना दिली. अलेक्झांड्रियाहून झगा शिवायला आल्या होत्या."

नणंद बहीया म्हणजे हातात पडलेलं न सोडणारी बाई. तरी त्यांनी फोन लावला.

"वन्सं, तुमच्याकडे म्हणे फार देखणी नाव आलीय."

"आलीय ना! तुझ्याकडे होती तशीच. माझ्या कपाटात मात्र जास्त खुलते."

"अगंबाई, बघायला हवी."

"ये की. बघ."

'बघ' म्हणाली. 'घे' एकदाही म्हणाली नाही.

गुरुवारी सकाळचं विमान, पण हाझिम उगवला चार वाजता. "वाटेत आत्याकडे जरा डोकावलो," म्हणाला. नावेच्या जागी किटली ठेवून बाई धास्तावून उभ्या होत्या. त्याने कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बॅग उघडून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्याने पुढे केलं.

"खास तुझ्यासाठी, आई. मिलानमधली तीन दुकानं पालथी घातली."

वर्तमानपत्र अलेक्झांड्रियाचं होतं, आजचं. आत नाव होती. तीच.

"सुंदर आहे रे," त्या म्हणाल्या आणि त्याला कोबीच्या पानांत भात भरून केलेल्या महशी वाढायला गेल्या. तो जेवायला बसला तोच फोन वाजला. बहीया किंचाळत होती.

"तुझं पोर आहे का कोण! मी आपलं रीत म्हणून एकदा, फक्त एकदा 'घे' म्हटलं, तर खरंच उचलून घेऊन गेला! वर म्हणतो कसा, 'आत्या, असली नाव मी जन्मात पाहिली नाही!'"

बाईंनी जेवणाऱ्या मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून भराभर खात होता.

"वन्सं, तुमची गल्लत होतेय," त्या म्हणाल्या. "ही त्याने मिलानहून आणलीय. तीन दुकानं पालथी घालून."

त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणत होती आत्या?" हाझिमने मान वर न करता विचारलं.

"काही नाही. जेव तू."