ओढ्यावरची बस्ती आणि माझे पाय

मी भांडखोर नाही. (वीस वर्षांच्या बातमीदारीत माझ्या नावावर चारच खटले आहेत, आणि त्यांतले दोन मी स्वतः लावलेले आहेत.) पण खानापूरच्या रानात एका ओढ्याच्या उगमाशी प्राचीन जैन बस्ती, म्हणजे मंदिर, आहे, असं मी आमच्या बेळगावच्या साप्ताहिकात लिहिलं, आणि समोरच्या गल्लीतल्या साप्ताहिकाच्या मारुतीरावांनी छापलं, 'ते मंदिर नसून गुरांचा गोठा आहे.' बी.ए.ला इतिहास घेतलेल्या माणसानं हे गिळायचं? मी तडक उत्तर दिलं : 'पुढच्या अंकात बस्तीचा फोटो छापीन, नाहीतर लेखणी कायमची खाली ठेवीन.'

अंक बाजारात गेल्यावर लक्षात आलं, की श्रावणाची झड लागली आहे, ओढा फुगला आहे आणि माझ्याकडे कॅमेरा नाही.

कॅमेरा होता माझ्या मेव्हण्याकडे. पार्श्वनाथ निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. आमचं बोलणं जेमतेमच, कारण गेल्याच महिन्यात मी अग्रलेख लिहिला होता, 'तंबाखू ही समाजाला लागलेली जळू आहे.' तरी तो आला. गळ्यात कॅमेरा, काखेत तंबाखूची पिशवी. माझी बायको चंदना हिला बस्तीचं दर्शन घ्यायचंच होतं, तीही निघाली. वाट दाखवायला गावातला मष्णू.

ओढ्याच्या काठी पार्श्वनाथनं वाटीत तंबाखू भिजवली.

"दाजी, पाय फुडं करा. ह्ये चोळलं की जळवा न्हाय चिकटायच्या."

"माझा अग्रलेख वाचला नाहीस?"

"वाचलाय की. लई झकास हुता. पाय करा."

मी पाय केला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. तिघांनी पाय चोळून घेतले आणि आम्ही ओढ्यात उतरलो.

वाट नव्हतीच, ओढा हीच वाट. शेवाळलेल्या धोंड्यावर मी पाय ठेवायचा आणि धोंड्यानं तो परत करायचा. वेताची जाळी माझी छत्री धरून बसली ती सुटेचना, शेवटी तिलाच देऊन टाकली.

"अजून किती लांब, मष्णू?"

"ह्ये काय, आलंच की आण्णा."

हे उत्तर तो सकाळपासून देत होता. एका वळणावर धोतर पिळायला वर घेतलं, आणि मी किंचाळलो. माझ्या पोटऱ्यांवर जळवांची पंगत बसली होती. मष्णूनं कमरेची मिठाची पुरचुंडी सोडली, तोच चंदनानं त्याचा हात धरला.

"मीठ नगं! तडफडून मरत्यात त्या. दोन इंद्रियांचा जीव हाय त्यो."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमास्नी पाच हायती. सोसा. पोट भरलं की आपुन पडत्यात."

(लग्नात आम्ही दोघांनी अहिंसेची शपथ घेतली होती. ती माझ्याच रक्तावर पाळली जाईल, हे लग्न लावणाऱ्या उपाध्यांनी सांगितलं नव्हतं.) मी सोसत राहिलो. एक तृप्त होऊन पडली, की तिच्या जागी दोन उपाशी यायच्या. शेवटी मी धोंड्यावर बसून मान खाली घातली.

"पार्श्वनाथ, लाव."

"काय लावू, दाजी?"

"तेच."

"नाव घ्या की."

"तंबाखू!" मी ओरडलो. समोरच्या डोंगरानं तो शब्द मला दोनदा ऐकवला.

त्यानं भिजलेली अख्खी पानं माझ्या पायांना गुंडाळून सुतळीनं बांधली. वास येताच जळवा सुटून ओलाव्यात निघून गेल्या. चंदना समाधानानं म्हणाली, "बघा, कुनी मेलं न्हाय." (माझ्याकडे बघून म्हणाली असती, तर मलाही समाधान वाटलं असतं.)

आणि बस्ती दिसली! काळ्या दगडाची चौकट, तिच्या पायाशी कोरलेली यक्षी. माझे डोळे भरून आले. मग आत बघितलं. आत एक म्हैस बांधलेली होती. निवांत रवंथ करत होती.

"मारुतीराव!" माझ्या तोंडून निघालं.

म्हैस उठेना. पार्श्वनाथचे जादा रोल ओढ्यात भिजले होते, कॅमेऱ्यातल्या फिल्मवर एकच फोटो उरला होता. "मी दारात उभा राहून म्हैस झाकतो," मी म्हणालो, "तू चौकट घे."

त्यानं खाली वाकून चांगला वेळ लावला आणि कळ दाबली.

फोटो धुऊन आला. कोरीव चौकट स्पष्ट, यक्षी स्पष्ट. मी मात्र गुडघ्याखाली तेवढा होतो : पानं बांधलेले दोन पाय, आणि त्यांच्या मधून म्हशीचं तोंड.

"कॅमेरा माझा, फिल्म माझी," मेव्हणा म्हणाला. "छापायचा तर खाली माझी ओळ पायजे."

लेखणी की तत्त्व? मी लेखणी निवडली. माझ्याच साप्ताहिकात, माझ्याच लेखाच्या मधोमध ते पाय झळकले. खाली ठळक अक्षरांत : 'जळवांवर एकच उपाय, निपाणीची अस्सल तंबाखू.'

मारुतीरावांचं उत्तर पुढच्याच अंकात आलं. 'बस्ती मान्य. म्हैसही मान्य. पण सदर पाय आमच्या मित्राचेच, याला पुरावा काय?'

आता रविवारी त्यांच्या कचेरीत पंचांसमोर धोतर वर धरून मला ते सिद्ध करायचं आहे. चंदनानं तंबाखू भिजत घातली आहे.

"पानं बांधूनच जावा," ती म्हणते. "नुसतं पाय बघून तुमास्नी कोन वळखतंय?"